फळीखालची कुस्ती

रोह्याच्या स्पर्धेत मी खालून उठलो.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. शेवटी काय झालं ते पहिल्याच ओळीत सांगून टाकणारा माणूस आमच्या गावात एकच आहे, माझा चुलतभाऊ नितेश, आणि त्याला मयतालासुद्धा कोणी पुढे बसवत नाही. तेव्हा असं काही घडलेलं नाही. मी अजून खालीच आहे. मी मॅटवर उताणा आहे, माझ्या छातीवर रोह्याचा साईराज बसलाय, आणि तो मला विचारतोय,

"पेणला जायला शेवटची एसटी कितीला रं तुझी?"

"साडेसहाला," मी म्हणालो. "पण नागोठण्याला ती जरा थांबते."

विचारलेली माहिती द्यावी, असं आमच्या घरचं वळण आहे.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. लढत चार मिनिटांची होती. त्यातली पहिली दहा सेकंदं मी उभा होतो, कारण सुरुवात उभ्यानेच करावी लागते, तसा नियम आहे. उरलेला वेळ मी साईराजच्या खाली काढला. तो रोह्याच्या आतल्या गावचा, भाताची पोती उचलून तयार झालेला गडी. त्याने वजन एकदा खाली ठेवलं की ते परत उचलायची त्याला घाई नसते. शिटी वाजल्यावर त्याने मला हात देऊन उठवलं, माझी पाठ झटकली आणि आपल्या मित्रांना म्हणाला, "लय मऊ हाय हा. सतरंजीवर बसल्यावानी वाटतं."

शेजारी निवेदकाचा माईक होता. माईक चालू होता.

मी साडेसहाच्या एसटीने निघालो. ती नागोठण्याला थांबली. नाव थांबलं नाही. पेणला उतरलो तर स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, "चल सतरंजी, बस." दुसऱ्या दिवशी डोलवीला कंपनीत, जिथे मी कंत्राटी हेल्पर आहे, सुपरवायझर म्हणाला, "सतरंजी, सेकंड शिफ्टला थांबशील काय?" पुढच्या महिन्यात एका लग्नाची पत्रिका आली. वर लिहिलं होतं: श्री. सतरंजी आणि परिवार. परिवार म्हणजे माझी आई. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि लग्नाला एकटीच गेली.

हरण्याचं मला काही नव्हतं. हरलेला माणूस आंघोळ केली की पुन्हा माणसांत येतो. पण हे नाव आंघोळीने जाईना.

आता कोणी म्हणेल, चार मिनिटांत एकदाही उठता येऊ नये म्हणजे काय? तर त्याचं कारण उंची. माझी नाही. फळीची.

पेणला आमचा क्लास आहे. काळुराम सर चालवतात. सर मूळचे मातीतले पैलवान. पुढे त्यांनी फोनवर बघून बघून ग्रॅपलिंग शिकून घेतलं. ग्रॅपलिंग म्हणजे कुस्तीची चुलत बहीण. फरक एवढाच, की आपल्या कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरतो आणि घरी जातो. यात पाठ टेकली तरी घरी जाता येत नाही. खाली पडून पुढचं सगळं सोसावं लागतं, नाहीतर उठावं लागतं.

क्लासला जागा सरांच्या मेहुण्याने दिली. मेहुणा म्हणजे जनूशेठ, गणपतीचे कारखानदार. शेड मोठी, फरशी थंड, भाडं नाही. अट एकच, मूर्तीला धक्का लागता कामा नये. पहिल्याच वर्षी माघात जनूशेठचं काम वाढलं, जागा पुरेना, म्हणून त्यांनी शेडभर आडव्या फळ्या टाकल्या आणि त्यांवर मूर्ती सुकायला मांडल्या. फळ्या जमिनीपासून साडेतीन फुटांवर. वर दोनशे गणपती, खाली आम्ही अकरा जण.

"उभं ऱ्हायची गरजच काय?" सर म्हणाले. "खालचं काम पक्कं करा."

आम्ही केलं. रांगत आत जायचं, रांगत बाहेर यायचं. कोणाची मान जरा वर झाली की डोकं फळीला लागायचं, वरचे दहाबारा गणपती हलायचे, आणि शेडच्या त्या टोकाला सोंड घडवत बसलेले जनूशेठ मागे न बघता ओरडायचे, "कोण रं तो?" एकदा आमच्यातला रितेश जोशात येऊन उठला. एका मूर्तीचा कान गेला. जनूशेठनी नवीन कान बसवला, आणि तो वाळेपर्यंत रितेशला स्वतःचा कान धरून त्या मूर्तीखाली बसवून ठेवलं. उभं करायचं होतं, पण जागा नव्हती.

फळ्या निघायच्या त्या गणपती गेल्यावर. पण तेव्हा भातकापणी लागते, मग दिवाळी येते, मग सरांच्या घरची लग्नं. क्लास पुन्हा भरायचा तो माघात, आणि तोवर जनूशेठ नव्या फळ्या टाकून मोकळे झालेले असायचे. तीन वर्षांत आमच्यापैकी एकानेही क्लासमध्ये ताठ उभं राहून बघितलेलं नव्हतं.

बाहेरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पेणचा पोरगा शिटी वाजली की आपण होऊन खाली बसतो, मान छातीत घालतो आणि काही केल्या उठत नाही, हे बघून त्यांना वाटलं ही काहीतरी आधुनिक शैली आहे. तिला 'पेण पद्धत' म्हणायला लागले. महाडहून एक प्रशिक्षक ती शिकायला दोन दिवसांचे कपडे घेऊन आला. आत येताना त्याचं डोकं फळीला लागलं आणि त्याला सगळी पद्धत एका मिनिटात समजली.

संघटनेचे नियम एका पानावर छापलेले आहेत. त्यातला सातवा असा: खालचा खेळाडू दोन्ही पायांवर उभा राहून तीन सेकंद टिकल्यास त्यास एक गुण. हा एक गुण पेण तालुक्याने कधीच घेतलेला नव्हता.

एप्रिलात मी काही कामाने कोलाडला गेलो होतो. हायवेवरच्या हॉटेलात मिसळ सांगितली आणि मागून आवाज आला, "ए सतरंजी!"

हॉटेलात पंचवीसेक माणसं होती. त्यातली दोघं-तिघं सतरंजी कुठे आहे म्हणून खाली बघायला लागली.

साईराज होता. "हिकडं ये की. एकटा काय बसतोस?" त्याने माझी मिसळ स्वतः उचलून आपल्या टेबलावर नेली. मनाने तो चांगला आहे. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाने ठेवलेलं नाव लोक तरी विसरतात.

"साईराज, ते नाव बंद कर."

"मी बंद करून व्हईल काय? आता माझ्या हातात ऱ्हायलंय व्हय ते?"

"मेमध्ये रोह्यात तुझी-माझी लागली, आणि मी खालून उठलो तर?"

तो पाव मोडता मोडता थांबला. "तू?"

"मी."

"खालून?"

"खालून. सातव्या नियमाने."

हसता हसता त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. पुन्हा तेच, घरचं वळण.

"उठलास ना," तो डोळे पुसत म्हणाला, "तर हे नाव मी घेतो. माईकवरनं सांगतो सगळ्यांना. आईशपथ."

"आणि नाय उठलो तर?"

"तर तू हाईसच की."

संध्याकाळी मी सरांना सांगितलं. सर फळीखाली पालथे पडले होते. तसेच मान वाकडी करून म्हणाले, "उठायचं? निकेश, तू काय पण मागतोस. फोनमधी त्याचा व्हिडिओ येतो, पण मी तो पुढं सरकवतो. उगाच पोरांच्या मनात यायला नको."

राहिली भाविका. माझी मावसबहीण, क्लासमध्ये माझ्या खालच्या वजनगटात. अंगाने माझ्याहून दहा किलो कमी, तोंडाने वीस किलो जास्त. तिच्या अंगणात आम्ही गोधडी टाकली. ती माझ्या छातीवर बसली आणि मी तिला दोन्ही हातांनी सरळ वर ढकलायला लागलो.

"ढकल, ढकल," ती म्हणाली आणि फोन काढून बघत बसली.

ओटीवर हौसामावशी, म्हणजे भाविकाची आई, मीठ वाहायची फाटलेली पाटी शिवत होती. मावशीची हयात मिठागरात गेली. सकाळी मीठ ओढायचं, ओहोटी लागली की खाडीत कालवं आणि चिंबोऱ्या. तिने पाच मिनिटं आमच्याकडे बघितलं.

"भाविका, उठ गो त्याच्यावरनं. मरंल तो."

"आये, मी कुठं काय करते? जे करतोय ते तोच करतोय."

"तेच बोलते मी. अरं निकेश, गाळात रुतलास तर असाच करशील काय? गाळाला हात लावून ढकलशील?"

"मावशी, हा गाळ नाय. हे ग्रॅपलिंग हाय."

"तुला खाली वढतंय ना? मग गाळच."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती आम्हाला खाडीवर घेऊन गेली. मला म्हणाली, पुढं हो. मी झालो. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. पाय काढायला सरळ वर जोर लावला, तर दुसरा पायही पहिल्याच्या सोबतीला आला. मग तोल गेला आणि मी बसलो.

मावशी बांधावर बसून पान लावायला लागली. "घाई नाय. भरतीला अजून तीन तास हायत."

"आये, व्हिडिओ काढू?" भाविकाने विचारलं.

"काढ. पुढंमागं ह्याच्या आयशीला दाखवाया लागंल."

मग मावशीने शिकवलं. मी ते तिच्याच शब्दांत देतो, कारण त्याहून थोडक्यात मला जमणार नाही.

"पयलं म्हंजे उताणा ऱ्हाऊ नको. नि सरळ वर पण जाऊ नको, वर कोण बसलंय तुझं? कुशीवर हो. हां. कोपर टेक. कोपरावर ये. आता तोच हात लांब कर. आता वरचा पाय रोव. आता ढुंगण उचल. उचल रं, लाजतोस काय, हितं कोण बघतंय?"

"मी बघते," भाविका म्हणाली.

"आता जागा झाली ना खाली? त्या जागेतनं दुसरा पाय मागं काढ. सावकाश. गाळाला कळता कामा नये."

मी निघालो. शपथेवर सांगतो, निघालो. नंतर भाविकाने सरांच्या फोनवर तो पुढे सरकवलेला व्हिडिओ शोधून मला दाखवला. अक्षरशः हेच होतं. फरक एवढाच की त्यातला माणूस इंग्रजीत बोलत होता आणि पान खात नव्हता.

पण मी निघालो तो अर्धाच. पाय गाळातून सुटले, कंबर वर आली, आणि तिथेच मी थांबलो. पाठीत वाकलेला, मान छातीत.

"मान का घातलीस खाली?" मावशीने विचारलं.

"फळी हाय."

मावशीने वर बघितलं. भाविकाने वर बघितलं. वर एक घार होती.

"कुठं हाय फळी?"

"पेणला."

मावशीने पानाची पिंक टाकली. "ह्याला गाळाचं नाय, पाटीचं औषध पायजे."

तर पुढचे तीन आठवडे मी शिफ्ट संपली की मिठागरात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची पाटी, आणि मी जमिनीवर बसलेला. मिठाची पाटी डोक्यावर असली की मान वाकवायची सोय नसते. मान वाकली की मीठ सांडतं, आणि मीठ सांडलं की मावशी बोलते. मावशीपेक्षा मीठ हलकं.

तिथल्या बायका पहिल्या दिवशी काम टाकून बघायला आल्या.

"हौसे, ह्यो कुठला पावणा आणलास गो?"

"माझ्या बहिणीचा हाय. उठाया शिकतोय."

"चोवीसचा झाला नि आत्ता?"

"गेल्या वर्षी चालाया शिकला असंल," तिसरी म्हणाली.

दर खेपेला तेच. बस, मान ताठ कर, ऊठ, पंधरा पावलं चाल, राशीवर पाटी ओत, मागे ये, पुढच्या पाटीसाठी वाक. पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागायचं. तिसऱ्या आठवड्यात अंग आपलं आपण करायला लागलं. मी दुसराच कसला तरी विचार करत असायचो आणि मीठ राशीवर पोचलेलं असायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

स्पर्धेच्या दिवशी रोह्याला न्यायला जनूशेठनी टेम्पो दिला. टेम्पो विठूचा. विठूने आयुष्यात गणपतींशिवाय दुसरं काही वाहिलेलं नाही. त्याने आम्हाला पेंढा टाकून, सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून बसवलं. हौसामावशीही नवीन लुगडं नेसून आमच्यात बसली. टेम्पो ताशी वीसच्या वर गेला नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरला विठू थांबायचा, उतरायचा, मागे येऊन आम्हाला नीट बघायचा आणि विचारायचा, "कोणाचं काय मोडलं नाय ना?"

"दादा," भाविका माझ्या कानात म्हणाली, "हा रोह्यात आपल्याला पाटावर उतरवणार बघ."

पोचलो तेव्हा पहिल्या चार लढती होऊन गेल्या होत्या. हॉल भरलेला. मॅटवर कोणी चप्पल घालून जाऊ नये म्हणून मॅटच्या कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, आणि दोनअडीचशे माणसांच्या चपलांचा तिथे कमरेएवढा ढीग झाला होता. मावशीनेही आपली त्यात टाकली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

माझं नाव पुकारलं. निवेदक म्हणाला, "पेणचे निकेश, ऊर्फ..." आणि हॉलने पुढचं पूर्ण केलं.

साईराजने मला गळामिठी घातली. "आलास? लय बरं वाटलं." शिटी वाजली. दहाव्या सेकंदाला त्याने पायांना हात घालून पट काढला आणि मी खाली. इथपर्यंत सगळं गेल्या वर्षीसारखंच. पहिल्या अडीच मिनिटांत त्याचे नऊ गुण झाले. नऊ होऊ दिले असं मी म्हणणार नाही. झाले.

मग तो छातीवर नीट बसला.

"एसटीनं आलास?"

"टेम्पोनं."

"मग परत कितीला निघणार?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलेली माहिती दिली नाही. कुशीवर झालो.

साईराजला ते कळायला एक क्षण लागला, कारण सतरंजी कुशीवर होत नाही. तेवढ्यात मी कोपर टेकलं. कोपरावर आलो. हात लांब केला, वरचा पाय रोवला, ढुंगण उचललं, आणि झालेल्या जागेतून दुसरा पाय सावकाश मागे काढला. गाळाला कळू दिलं नाही.

कळलं तेव्हा गाळाने माझ्या पाठीवर झेप घेतली. दोन्ही हात गळ्याखाली, दोन्ही पाय कमरेला. बहात्तर किलो. मी गुडघ्यांवर, आणि मान आपली आपण खाली जायला लागली. खरं सांगतो, मला वर फळी दिसत होती. फळीवर दोनशे गणपती दिसत होते, त्यातल्या एकाचा नवा कान ओला होता. लांबून जनूशेठही ऐकू आले, "कोण रं तो?"

तेव्हा पहिल्या रांगेतून मावशी ओरडली, "निकेश! मीठ सांडतंय!"

मान ताठ झाली. मी नाही केली, झाली. मानेमागून पाठ, पाठीमागून गुडघे, आणि मी उभा होतो, साईराजसकट. वर काही लागलं नाही. रोह्याच्या हॉलला बावीस फुटांवर पत्रे आहेत.

पंच मोजायला लागले. एक. साईराज माझ्या कानात म्हणाला, "अरं, अरं, अरं." दोन. आमचे पेणचे नऊ जण बसल्या जागी ओरडत होते, कारण उभं राहायची त्यांना सवय नव्हती. तीन. पंचांनी एक बोट वर केलं. काळुराम सर खुर्चीवरून उठायला गेले, आधी डोक्यावर हात फिरवून वर काही आहे का ते चाचपलं, आणि मग उभे राहिले. रडत होते. एका गुणासाठी माणूस इतका रडतो हे मला माहीत नव्हतं.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण डोक्यात मी आईचा विचार करत होतो, आणि अंगाला मोकळं सोडलं होतं. अंगावर ओझं होतं, मान ताठ होती. अंगाने चालायला सुरुवात केली.

"कुठं चाललास?" साईराज म्हणाला. "अरं ए, मॅट संपली! अरं खाली तरी ठेव!"

तेरा, चौदा, पंधरा. समोर कमरेएवढी रास. मी खांदा खाली केला आणि साईराजला ओतलं.

चपलांत माणूस पडल्याचा आवाज फारसा होत नाही. मिठासारखाच, जरा घसरत जातो. मी वळलो, पंधरा पावलं परत आलो, मॅटच्या मध्यावर थांबलो आणि पुढच्या पाटीसाठी वाकलो. तिथे पंच उभे होते. ते तीन पावलं मागे सरले आणि त्यांनी शिटी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

"झालं रं, झालं," मावशी म्हणाली. "सुट्टी झाली."

मग नियमांचं पान काढण्यात आलं. तिन्ही पंचांनी ते वाचलं, पालथं करून मागेही बघितलं. मागे कोरं होतं. प्रतिस्पर्ध्याला मॅटबाहेर नेऊन राशीवर ओतण्याबद्दल त्यात काही नव्हतं. रोह्याचा एक जण म्हणाला, बाद करा. काळुराम सर म्हणाले, कुठल्या नियमानं? शेवटी असं ठरलं की चपलांच्या ढिगाचं पुढे काय करायचं ते संघटना बघेल, गुण आहेत तसे राहतील. नऊ-एक. मी हरलो.

त्या एकाकडे बघत आम्ही सगळे गुणफलकासमोर इतका वेळ उभे राहिलो, की साईराजचे मित्र येऊन विचारून गेले, नक्की जिंकलं कोण?

साईराज ढिगातून आला. कुठे काही लागलं नव्हतं. केसांत एक सुटा पट्टा अडकला होता आणि हातात एक चप्पल होती. सरळ निवेदकाकडे गेला आणि माईक घेतला.

"ऐका. आजपासून सतरंजी मी. हा नव्हे. मी शपथ घेतली हुती आणि ह्यानं मला उचलून नेलाय, तुम्ही बघितलंत." टाळ्या पडल्या. तो थांबला. "नि ही चप्पल कोणाची हाय?"

चप्पल हौसामावशीची होती. तिने ती घातली, त्याच्या डोक्यातला पट्टा काढला आणि म्हणाली, "वजन बरं हाय रं तुझं. मिठागरात येतोस काय?"

येताना विठूने टेम्पो तितकाच सावकाश चालवला. पण नागोठण्याच्या पुढे सगळ्यांनी एकदम ठरवल्यासारखं उठून, दांड्याला धरून उभ्यानेच प्रवास केला. विठूने तीनदा थांबून बसायला सांगितलं. कोणी बसलं नाही. सोमवारी क्लासला गेलो तर जनूशेठनी फळ्या सहा इंच वर घेतल्या होत्या. आता आम्हाला रांगताना ऐसपैस वाटतं.

सगळं इतकं छान झालं, पण त्या रात्री पेणच्या स्टँडवर टेम्पोतून उतरलो तेव्हाच रिक्षावाला म्हणाला होता, "काय सतरंजी, उठलास म्हणं!"

सुपरवायझर म्हणाला, "अभिनंदन, सतरंजी." आईला मी खाडीतला, मिठागरातला आणि हॉलमधला, तिन्ही व्हिडिओ दाखवले. ती हसली, तिने माझी दृष्ट काढली, आणि दृष्ट काढताना तिच्याही तोंडून तेच नाव गेलं.

मी साईराजला फोन केला.

"अरं मी रोज सांगतोय सगळ्यांना," तो म्हणाला. आवाजात खरंच वाईट वाटत होतं. "घरात सांगितलं, नाक्यावर सांगितलं. कोण ऐकतच नाय. म्हणतात, सतरंजी पेणची हाय, रोह्याला कशी येईल? कागद दाखव, म्हणतात."

"कसला कागद?"

"सरकारी."

तर खालीलप्रमाणे अर्ज मी काल आमच्या सजाच्या कार्यालयात दिला. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि पोच देता येत नाही म्हणून चहा दिला.

प्रति,
मा. ग्राम महसूल अधिकारी (जुने नाव: तलाठी) यांसी,

विषय: टोपणनावाचा फेरफार होणेबाबत.

महोदय,

मी अर्जदार निकेश, राहणार तालुका पेण, वय २४, व्यवसाय कंत्राटी हेल्पर, सविनय अर्ज करतो की, 'सतरंजी' हे टोपणनाव गेले एक वर्ष माझ्या नावावर चालू असून त्याची वहिवाट मी एकटाच करीत आहे. सदर नाव श्री. साईराज, राहणार तालुका रोहा, यांनी दिनांक १८ मे रोजी अडीचशे साक्षीदारांसमक्ष, माईकवरून, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता (ते त्या वेळी चपलांमधून नुकतेच उठले होते) स्वखुशीने स्वीकारले आहे. तथापि अभिलेखात नोंद नसल्यामुळे दोन्ही तालुक्यांतील जनता ते मान्य करीत नाही. आपले स्वतःचे पदनाम शासनाने अलीकडेच बदलले असल्याने, नाव बदलता येते हे आपणास अनुभवाने ठाऊक आहेच. चतुःसीमा: पूर्वेस मॅट, पश्चिमेस चपलांचा ढीग, उत्तरेस पंच, दक्षिणेस हौसामावशी.

तरी मेहेरबान साहेबांनी समक्ष स्थळपाहणी करावी, त्यासाठी अर्जदार पुन्हा एकदा खाली झोपून उठून दाखविण्यास तयार आहे, आणि सदर टोपणनाव पेण तालुक्यातून कमी करून रोहा तालुक्यात श्री. साईराज यांचे नावे वंशपरंपरेने दाखल करावे, व तसा सही-शिक्क्याचा उतारा एक प्रत मला, एक प्रत पेण स्टँडवरील रिक्षावाल्यास व एक प्रत माझ्या आईस विनाविलंब मिळावी, ही नम्र विनंती.